दुखणं थांबलं तेव्हा

माझ्या खोलीत माणसं डोळे मिटून बसत. देवळातही बसतात, पण तिथं कोणी त्यांच्या तळपायाला दोरा टोचत नाही.

सौंसरच्या दवाखान्यात शुगर-बीपीची एक वेगळी खोली होती आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी त्या खोलीची सिस्टर होते. राहायला पांढुर्ण्याला, रोज बसनं जाणं-येणं. आता निवृत्त झाले आहे. निवृत्तीचे फायदे लोक विचारतात, तर दोन सांगते. एक, बसमधली धक्काबुक्की गेली. दुसरा, दिवसभर उभं राहून संध्याकाळी तळपायांची जी आग व्हायची ती थांबली. शुगर मलाही आहे. शुगरच्या खोलीतली सिस्टर आणि तिलाच शुगर, म्हणून पेशंट मला खूप चिडवत. मी म्हणायचे, आचाऱ्याला भूक लागत नाही का?

काम काय होतं ते आधी सांगते. बोटाला टोचून साखर बघायची, दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं, डॉक्टरांनी सांगितलं की छातीची पट्टी काढायची. म्हणजे ईसीजी. आणि पाय तपासायचे. हे शेवटचं काम लोकांना सगळ्यात फालतू वाटे. प्लास्टिकच्या दांडीला मासे धरायच्या गळाचा असतो तसा नायलॉनचा दोरा बसवलेला असतो. माणसानं डोळे मिटायचे, मी त्याच्या तळव्यावर, अंगठ्यावर, टाचेवर तो दोरा वाकेपर्यंत दाबायचा, आणि लागलं की त्यानं ‘कळलं’ म्हणायचं. बस, एवढंच.

शुगर वाढलेली राहिली की ती हळूहळू अंगातल्या नसा खाते. सुरुवात पायांपासून. आधी मुंग्या येतात, आग होते, पांघरूण सहन होत नाही. मग एक दिवस काहीच होत नाही. खिळा घुसला तरी नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण मी एका बाईला एकाच चपलेवर दवाखान्यात आलेलं पाहिलं आहे. रामाकोना गावची होती. भर चैत्रातली दुपार, बसस्टँडपासून डांबर वितळलेलं. एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि ती माझ्यासमोर बसून सुनेच्या तक्रारी सांगत होती. मी विचारलं, बाई, दुसरी चप्पल कुठं आहे? तिनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग उठून खोलीच्या दाराबाहेर बघून आली, जणू चप्पल तिच्यामागे चालत येत असावी. तळव्याला केवढे फोड होते.

तिचीच तपासणी मला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली. डोळे मिटून ती बसली आणि मी दोरा घेऊन वाकणार तोच दारात कोणीतरी मला हाक मारली. मी वळून बोलायला लागले. माझ्या मागून बाईचा आवाज आला, ‘कळलं.’ थोड्या वेळानं परत, ‘कळलं.’ दोरा माझ्या हातात होता आणि मी तिच्यापासून चार हात लांब उभी होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, दवाखान्यात काम करणाऱ्याला तो परवडतही नाही. नसा मरताना खोट्या बातम्या पाठवतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिच्या पायाजवळची जागा दोनदा पाहिली.

पण आज लिहायला बसले आहे ते दौलतरावांबद्दल. तिगावचे. संत्र्याच्या बागा पाहून देणं हा त्यांचा धंदा. आमच्याकडे व्यापारी झाडावरची फळं अख्ख्या बागेची एकदम विकत घेतो. ती घेण्याआधी जाणता माणूस बागेत फिरतो, चारी कोपऱ्यांतलं आणि मधलं एकेक फळ चाखतो आणि सांगतो की माल कसा आहे, किती दिवस झाडावर ठेवता येईल. दौलतरावांच्या जिभेवर सौदे ठरत. आणि या माणसाला पंधरा वर्षांची शुगर, वर बीपी, वर सुपारी-तंबाखूचा खर्रा. मी रागावले की म्हणायचे, ‘सिस्टर, मी फोड चोखतो अन् थुकून देतो. जीभ नोकरीवर आहे, पोट नाही.’ खर्ऱ्याचं काय, असं विचारलं की कानांना ऐकू येईनासं व्हायचं.

त्यांच्या पायांची आग फार होती. त्यांची बायको कांताबाई सांगायची की हे ओला टॉवेल पायांना गुंडाळून झोपतात, हिवाळ्यातसुद्धा. साखर आवरा, गोळ्या चुकवू नका, यापलीकडे माझ्याकडे सांगायला फारसं नव्हतं. डॉक्टरांनी आगीसाठी गोळी दिली होती, तिनं थोडं बरं वाटे.

एकदा दौलतराव आले ते हसतच. हातात संत्र्यांची पिशवी. कांताबाई मागे, पदरानं तोंड पुसत. पायांची आग गेली होती. पूर्ण. आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्यानं चूर्ण दिलं होतं, ते घेतलं आणि महिन्याभरात पाय थंडगार. आता त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या होत्या. शुगरची, बीपीची, रक्त पातळ राहायची, सगळी. आग नाही तर रोग नाही, असा त्यांचा हिशेब. गावात चार जणांना त्यांनी ते चूर्ण आणूनही दिलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. मी त्यांना टेबलावर पाय पसरून बसायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. ते आज्ञाधारक मुलासारखे बसले, ओठांवर तेच हसू. दोरा मी उजव्या अंगठ्याला लावला. वाकला. मग बोटांखाली, मग टाचेला. मग डावा पाय. प्रत्येक ठिकाणी मी थांबत होते, थोडी जास्तच. खोलीत पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. कांताबाई माझ्या हाताकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. दौलतराव मात्र तसेच, मान जरा तिरपी, कान दिल्यासारखे. शेवटी म्हणाले,

‘सुरू करा ना, सिस्टर.’

माझं तपासून झालं होतं.

मी त्यांना डोळे उघडायला सांगितलं आणि त्यांच्या देखत दोरा परत अंगठ्यावर दाबला. दोरा वाकला. ते पाहत राहिले. मग त्यांनी हातानं स्वतःचा पाय धरला, उचलून पाहिला, खाली ठेवला. कांताबाईला विचारलं, ‘हा माहाच पाय व्हय ना?’ चूर्णानं काही केलं की नाही मला ठाऊक नाही. आग थांबली होती कारण आग सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे ही चूक सगळेच करतात. दुखतं तोवर देव, वैद्य, डॉक्टर सगळे आठवतात, दुखायचं थांबलं की नारळ फोडून मोकळे.

गोळ्या सोडल्या होत्या म्हणून डॉक्टरांनी छातीची पट्टी काढायला सांगितली. पेशंट निजतो, हातापायांना चिमटे, छातीवर थंड जेली आणि वाटोळी बुचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. मशीनमधून कागद सरकत आला. पट्टी वाचून निदान करणं माझं काम नव्हे, पण इतकी वर्षं ती हातातून गेल्यावर काही रेषा ओळखीच्या होतात. मी ती तशीच डॉक्टरांना नेऊन दिली. ते तरुण होते, आवाज चढवत नसत. त्यांनी पट्टी दोनदा पाहिली आणि दौलतरावांना विचारलं की झटका कधी आला होता.

कोणता झटका, दौलतराव म्हणाले.

हृदयाचा. येऊन गेलेला आहे, त्याची खूण राहिली आहे, डॉक्टर म्हणाले. कधीचा ते पट्टीवरून सांगता येत नाही. मग त्यांनी नीट समजावलं. झटका म्हणजे छाती धरून कोसळणं, हे सिनेमातलं. शुगर जशी पायांच्या नसा मारते तशी हृदयाच्याही मारू शकते, आणि मग झटका येतो तेव्हा कळ पोचतच नाही. थोडा घाम येतो, धाप लागते, मळमळतं, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. माणूस म्हणतो, ऊन लागलं. परत गोळ्या सुरू, खर्रा बंद, आणि नागपूरला जाऊन मोठी तपासणी, असं त्यांनी सांगितलं. दौलतरावांनी मान डोलावली. त्यांनी किती ऐकलं, देव जाणे. बाहेर आल्यावर माझ्या खोलीतल्या बाकावर बसले आणि म्हणाले, ‘मी मेलो होतो थोडासा, अन् मले कोणी सांगतलंच नाही.’

त्यांना तेव्हापासून एकच नाद लागला. तो दिवस कोणता होता? दर महिन्याला गोळ्या न्यायला आले की नवराबायको माझ्यासमोर बसून दिवस शोधत. पुतण्याच्या लग्नात नाचले तो? पाण्याची मोटर उचलली तो? मीही त्यात ओढली जायचे. एकदा असंच बोलता बोलता कांताबाई थांबली. तिला एक शर्ट आठवला. बागेतून घरी येऊन यांनी शर्ट काढून दिला होता, घामानं पिळून निघालेला, आणि म्हणाले होते की ऊन लागलं. तिनं तो मुकाट्यानं धुतला. आता ती माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘सिस्टर, तो पौषाचा महिना होता.’

दौलतरावांनाही आठवलं. सौंसरकडच्या एका बागेत चाखत फिरताना जीव घाबरा झाला होता. शुगर उतरली असेल असं वाटून ते एका झाडाखाली बसले आणि त्या दिवशी एक संत्रं त्यांनी थुंकलं नाही, खाल्लं. थोड्या वेळानं बरं वाटलं. उठून त्यांनी सौदा पक्का केला. सौदा चांगला झाला होता, हेही त्यांना आठवलं.

पुढं ते त्या बागेत गेले. कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते झाड पाहायचं होतं. भर दुपारी एकटेच गेले. सगळी झाडं एकसारखी, एकसारख्या ओळीत, खाली तशीच गोल सावली. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. कोणतं झाड ते कळेना. सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. ‘पाहतो त सिस्टर, दरेक झाडाखाली मीच बसून दिसून राहिलो. संत्रं खाऊन राहिलो अन् हसून राहिलो.’ मी त्यांना पाणी दिलं. शुगर कमीजास्त झाली की भास होतात, असंही सांगितलं. त्या संध्याकाळी पांढुर्ण्याच्या बसमधून बाहेर बागा दिसत होत्या आणि मी खिडकीकडे पाठ करून बसले.

नागपूरला ते गेलेच नाहीत. संत्र्याचा आंबिया बहार आहे, तो संपला की मृगाचा आहे, सौदे आहेत. शेवटी मी कांताबाईला एकटीला बाजूला घेतलं. म्हटलं, तुमच्या घराच्या घंटीची तार तुटली आहे. पाहुणा येणार, बटण दाबणार, पण आत वाजणार नाही. तेव्हा तुम्हाला खिडकीत बसावं लागेल. काय काय पाहायचं ते सांगितलं. विनाकारण घाम, धाप, मळमळ, तोंडाचा उतरलेला रंग. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे हातानं चाचपायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. दुखण्याची वाट पाहायची नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती नवऱ्याबरोबर बागेत जायला लागली.

दौलतरावांना ते मेल्याहून मेल्यासारखं झालं. बागवाले थट्टा करत की राव, आता फळ कोण चाखणार, तुम्ही की वहिनी? ते माझ्याकडे येऊन भांडले, तुम्ही माझ्यामागे शिपाई लावून दिला म्हणून. खर्रा मात्र सुटला, कारण शिपायानं पुडीच सापडू दिली नाही. साखरही उतरायला लागली. पण चालताना ते मधूनच मागं वळून पाहत. कांताबाईला वाटे की आपल्यालाच पाहतात. मला तसं वाटलं नाही.

मग माघातली ती सकाळ. रामाकोन्याजवळची बाग, गार वारा. दौलतरावांनी एक फळ सोललं, फोड तोंडात टाकली आणि म्हणाले की फिकं आहे. बागवाल्याला राग आला. त्यानं त्याच फळाची फोड खाल्ली, गोड होती. दौलतरावांनी दुसरं तोडलं. तेही फिकं. कांताबाईनं चाखलं, तेही गोड. आता या जिभेनं आयुष्यात कधी दगा दिला नव्हता. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि त्या गारठ्यात शर्टाची पाठ ओली झाली होती. ती म्हणाली, चला.

‘कायले? मले काईच दुखून नाही राहिलं.’

‘म्हणूनच चला,’ ती म्हणाली.

बागवाल्याच्या जीपनं त्यांना सौंसरला आणलं. मी ड्यूटीवर होते. दौलतराव स्वतःच्या पायांनी चालत आले, टेबलावर निजले, मी बुचं लावत असताना म्हणाले की ही बाई वेडी झाली आहे, हिचीच पट्टी काढा. मशीन सुरू झालं. कागद सरकायला लागला. समोर माणूस हसून बोलत होता आणि कागदावर त्याचं हृदय त्याच क्षणी मरत होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. इतक्या वर्षांत मी रक्त पाहिलं, जळालेली माणसं पाहिली, पण भीती म्हणाल तर मला त्या हसण्याची वाटली.

डॉक्टरांनी लगेच गोळ्या चघळायला दिल्या, सुई लावली, ॲम्ब्युलन्समध्ये घालून नागपूरला पाठवलं. तिथं हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली. वाचले. थोडा उशीर झाला असता तर नसते वाचले, असं तिथल्या डॉक्टरांनी कांताबाईला सांगितलं. फळ फिकं लागणं हे काही पुस्तकातलं लक्षण नाही. मळमळीमुळे तोंडाची चव गेली असेल, असं आमचे डॉक्टर म्हणाले. काय असेल ते असो. दौलतराव आता हळू चालतात, जिने चढत नाहीत, गोळी चुकवत नाहीत. माझ्या निरोपाच्या दिवशी आले होते. म्हणाले, ‘मरण दोनदा आलं सिस्टर, पण मले एकदाही भेटलं नाही. हिलेच भेटलं.’

त्या समारंभात मला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मी स्वतःच्या हट्टानं माझा जुना दोरा मागून घेतला. तो शिवणाच्या डब्यात पडला आहे.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी कांताबाई पांढुर्ण्याला आली होती. संत्री घेऊन घरी आली. चहा झाला, गप्पा झाल्या. मी म्हटलं, कांताबाई, तुम्ही आता माझ्याहून पक्क्या सिस्टर झालात. ती हसली. मग तिनं सहज विचारलं की तुमचे पाय कोण पाहते? मी म्हटलं, कोण पाहणार, साखर माझी बरी असते. पूर्वी संध्याकाळी तळपायांची आग व्हायची, पण निवृत्तीनंतर आराम मिळाला आणि तीही गेली.

बोलताना मला माझं काही वावगं वाटलं नाही. कांताबाईनं कप खाली ठेवला आणि दोरा कुठे आहे ते विचारलं.

मी थट्टेवारी नेलं, पण पलंगावर पाय पसरून बसले. डोळे मिटले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. लांबून इटारसीकडे जाणारी गाडी वाजली. मनात म्हटलं, बाईचं शिक्षण कच्चं राहिलं, दोरा नीट धरता येत नसेल. सांगावं का कसा धरायचा? गाडीचा आवाज विरून गेला. परत शिट्टी झाली. मी जरा वाट पाहिली आणि म्हटलं,

‘सुरू करा ना, कांताबाई.’

डोळे उघडले तेव्हा ती माझ्या पायाशी बसलेली होती. दोरा माझ्या डाव्या पायाच्या करंगळीवर टेकलेला होता आणि वाकलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे. तो तिथं होता, माझ्याच साडीतून बाहेर आलेला.

‘सिस्टर, उठा,’ ती म्हणाली. ‘सौंसरची बस आहे आता. छातीची पट्टी काढून घेऊ.’

मी म्हटलं, अहो, मला काय झालंय, छातीत काही दुखत नाही.

तिनं दाराजवळच्या माझ्या चपला आणल्या, खाली बसून एकेक करून माझ्या पायांत घातल्या, आणि त्या नीट बसल्या की नाही ते हातानं चाचपून पाहिलं.

‘म्हणूनच चला,’ ती म्हणाली.